मळ्यातली कुत्री फार पाणी पितेय, सोनोग्राफीत पिशवीत पू निघाला. ऑपरेशन लगेच करावं का?

केळीबाग (रावेर) · मंगळवार, सायं. ७:५०

राम राम मंडळी. उत्तर लवकर हवंय, म्हणून थेट सांगतो.

आमची मैना, लॅब आणि गावठी यांची मिश्र, वय आठ, वजन २४ किलो. केळीच्या बागेत सालदाराच्या कुटुंबाजवळ असते. पिल्लं कधी झाली नाहीत. होळीच्या सुमारास माजावर येऊन गेली. काही दिवसांपासून पाण्याचं घमेलं भरलं की रिकामं करत होती. सध्या आमच्याकडे पारा ४५ च्या घरात आहे, सगळीच जनावरं पाण्यावर तुटून पडतात, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. सालदाराच्या बायकोने ओळखलं. ती म्हणाली, ही झोपल्या जागी मुततेय आणि भाकरीला तोंड लावत नाहीये. काल उलट्याही झाल्या.

गावातल्या पशुवैद्यांनी तपासलं, ताप १०१.८. पोट त्यांना ताठ वाटलं म्हणून त्यांनी जळगावला सोनोग्राफीसाठी पाठवलं. गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे दोन्ही फाट्यांत, पू भरलाय आणि पिशवीचं तोंड बंद आहे, असं निघालं. क्लोज्ड पायोमेट्रा. आत्ता सलाइन चालू आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन आज रात्री, फार तर उद्या सकाळी.

घरात दोन मतं झालीत. नाना म्हणतात, एवढी गळालेली कुत्री भूल कशी सोसेल? आठ दिवस इंजेक्शनं देऊ, अंगात ताकद आली की बघू. गाईच्या पिशवीत पू झाला तेव्हा इंजेक्शनानेच मोकळी झाली होती, हा त्यांचा दाखला. भुलीची धास्ती मलाही आहे. ज्यांनी यातून जनावर बाहेर काढलंय त्यांनी कृपया सांगा.

पांझराकाठ (धुळे) · ८:०५

दादा, आज रात्रीच करा. आठ दिवसांनी ताकद येणार नाही, कारण जे ताकद खातंय ते पोटातच आहे.

आमच्या पॉमेरियनला हेच झालं होतं, पण तिचं तोंड उघडं होतं, खालून घाण वास येणारा तांबूस पू यायचा. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की गोळ्यांनी तात्पुरता आराम पडेल. तसंच झालं. खायला लागली, उड्या मारायला लागली आणि पुढच्या माजानंतर पुन्हा तेच. मग पिशवी काढली. त्यानंतर चौदाव्या वर्षापर्यंत जगली, तीही मजेत. तुमच्या मैनेचं तोंड बंद आहे, म्हणजे तुमच्याकडे आमच्याएवढाही वेळ नाही.

तापीकाठचा पशुवैद्य · ८:४०

मी पशुवैद्य आहे, चोपडा-शिरपूर पट्ट्यात बरीच वर्षं काम केलंय. तुमची कुत्री मी पाहिलेली नाही, त्यामुळे समोर असलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून त्यांचा निर्णय मला पूर्ण पटतो. नानांनाही वाचून दाखवा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तापाचं. कुत्र्याचं अंग मुळात १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. १०१.८ म्हणजे ताप नाही, हे बरोबर. पण पायोमेट्रात ताप असतोच असं नाही. विष रक्तात पसरायला लागलं की काही कुत्र्या उलट गार पडतात आणि ती अवस्था तापापेक्षा वाईट. ताप नाही म्हणजे थांबायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

आता नानांचा गाईचा दाखला. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण गाय आणि कुत्री यांचं चक्र वेगळं आहे. गाय फळली नाही तर तिच्या अंगातलं प्रोजेस्टेरॉन अडीच आठवड्यांत उतरतं आणि २१ दिवसांच्या आसपास ती पुन्हा माजावर येते. कुत्रीचं तसं नाही. ती गाभण असो वा नसो, माज संपल्यावर साधारण दोन महिने हे संप्रेरक चढंच राहतं. त्या काळात पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं, ग्रंथी पाझरायला लागतात, पिशवीचं आकुंचन थांबतं, तोंड मिटतं आणि तिथली रोगाशी लढणारी शक्ती मंदावते. पिल्लं रुजावीत म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. दर सहा-सात महिन्यांनी, वर्षानुवर्षं, पिल्लांशिवाय हेच होत राहिलं की अस्तरात गाठी-फोड येतात. मग माजाच्या वेळी तोंड उघडं असताना आत शिरलेल्या जंतूंना ओल, ऊब, खाणं सगळं तयार मिळतं. हे जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतात, म्हणजे तिच्याच आतड्यातले. म्हणून हा आजार माजानंतर साधारण महिना ते तीन महिन्यांत दिसतो. होळी ते आज, तुमचा हिशोब नेमका त्यातच बसतो.

गाईला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं की तोंड उघडून पू बाहेर पडतो. कुत्रीच्या पिशवीचं तोंड बंद असताना तेच दिलं, तर पिशवी आवळली जाते आणि पुवाला वाट नसते. अशी पिशवी फुटली तर पू पोटात पसरतो. मग गोष्ट तासांवर येते.

पाणी का पिते तेही सांगतो, कारण आपल्या खान्देशात हे लक्षण उन्हाळ्यामागे लपतं. ई. कोलायचं विष मूत्रपिंडावर बसतं आणि लघवी घट्ट करायची त्याची क्षमता जाते. पाणी राहतच नाही, म्हणून ती पीत सुटते. उन्हाने तहानलेलं कुत्रं ओळखायचं असेल तर लघवी बघा. धापा टाकून अंगातलं पाणी गेलेलं असतं, त्यामुळे लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. पायोमेट्रात भरपूर, फिकट, पाण्यासारखी होते आणि झोपेतही सुटते. एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५०-६० मिली पाणी लागतं. उन्हाळ्यात वाढतं. पण १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे तुमच्या २४ किलोच्या कुत्रीला अडीच लिटरच्या वर, तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. सालदाराच्या बायकोने झोपल्या जागेची ओल बघितली, ही फार मोलाची गोष्ट झाली.

भुलीचा धोका आहे, तो मी नाकारत नाही. पण धोका रोगाचा जास्त, भुलीचा कमी. स्वीडनमध्ये बहुतेक पाळीव कुत्र्यांचा विमा असतो, त्यामुळे तिथले आकडे मोठे आणि भरवशाचे आहेत. ऑपरेशन झालेल्या पायोमेट्राच्या कुत्र्यांत दगावण्याचं प्रमाण तिथे शंभरात तीन-चारच्या आसपास आहे. पिशवी फुटून पोटात पू पसरला असेल तर हे प्रमाण कितीतरी वाढतं. ताकद यायची वाट बघत बसणं म्हणजे पहिल्या गटातून दुसऱ्या गटाकडे सरकणं. तयारी करायची असते, पण ती तासांची. सलाइनने रक्तदाब आणि लघवी सावरायची, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं, उलटी आवरायची, की लगेच टेबलावर.

डॉक्टरांना एवढं विचारा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, किती आहे? प्लेटलेट्स किती आहेत? आपल्याकडे गोचीड ताप घरोघरी आहे आणि प्लेटलेट्स कमी असतील तर रक्तस्रावाची तयारी ठेवावी लागते. ऑपरेशन चालू असताना सलाइन चालूच राहणार ना? आणि दोन्ही अंडाशयं काढणार ना? ते असं विचारल्याने रागावणार नाहीत.

पोट दाबून बघू नका, कुणाला बघू देऊ नका. मेडिकलमधून माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, काहीच नाही. मूत्रपिंड आधीच ओझ्याखाली आहे.

केळीबाग (रावेर) · ९:१०

डॉक्टरसाहेब, नानांना पूर्ण वाचून दाखवलं. गाईच्या माजाचा फरक त्यांना लगेच पटला, “मग हो म्हण” एवढंच बोलले. क्रिएटिनिन २.१ आहे, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार, पांढऱ्या पेशी ४८ हजार. रात्री अकराला घेताहेत.

तापीकाठचा पशुवैद्य · ९:१८

पांढऱ्या पेशी कुत्र्यात साधारण ६ ते १७ हजार असतात, म्हणजे शरीर जोरात लढतंय. प्लेटलेट्स थोड्या कमी आहेत, पण ऑपरेशन अडेल इतक्या नाहीत. क्रिएटिनिन सलाइनने उतरायला हवं, उद्या पुन्हा तपासायला सांगा. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक सध्या नको, ते मूत्रपिंडाला जड. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असणारच, तरी लिहून ठेवतो. कारण हा धागा उद्या दुसरं कुणीतरी वाचेल आणि आपल्याकडे जनावराला सर्रास तेच टोचलं जातं.

गिरणेचं पाणी · ९:३०

भाऊ, सगळं नीट होवो. जळगावात रात्री काही लागलं तर इथेच लिहा, मी जागा आहे. मोटरसायकल आहे, औषधं आणून देता येतील.

अमळनेरचा आप्पा · ९:५५

मैना बरी होवो हीच इच्छा. पण एक विचारतो. आमच्या वाड्यात माझ्या वडिलांच्या काळापासून कुत्री आहेत. पायोमेट्रा हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. कुत्रीला एकदा पिल्लं होऊ दिली की पिशवी साफ होते, असं आम्ही मानत आलो. पिल्लं नको असतील तर माज थांबवायचं इंजेक्शन मिळतं, वर्षातून एक-दोनदा टोचलं की काम झालं. मग ही ऑपरेशनं आताच कुठून आली?

तापीकाठचा पशुवैद्य · १०:२५

आप्पा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण मनात हेच असणारे खूप आहेत.

वाड्यावरच्या, मळ्यातल्या कुत्र्या पूर्वी आठ-नऊ वर्षांच्या व्हायच्या आधीच जायच्या. गाडीखाली, बिबट्याच्या तोंडी, साप चावून, पिसाळून. ज्या जगल्या त्या दर माजाला गाभण राहिल्या. आणि एखादी म्हातारी कुत्री पाणी पीत पीत खळ्याच्या कोपऱ्यात पडून गेली, तर वय झालं म्हणून गेली असंच म्हटलं जायचं. पोट उघडून कुणी बघितलं नाही. आजार तेव्हाही होता.

पिल्लं झालेल्या कुत्रीत धोका थोडा कमी दिसतो, हे खरं. पण एका वेतावर आयुष्यभराची हमी मिळत नाही. दर माजाला तेच चक्र पुन्हा फिरतं. स्वीडनच्याच आकड्यांत, नसबंदी न केलेल्या कुत्र्यांपैकी साधारण चारा-पाचांत एकीला दहा वर्षांची होईपर्यंत पायोमेट्रा होतो. इतका हा नेहमीचा आजार आहे.

आता इंजेक्शनाबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतो. माज थांबवायला जे टोचलं जातं ते मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. वर सांगितलं ना, प्रोजेस्टेरॉन पिशवीचं अस्तर जाड करतं, तोंड मिटवतं. हे त्याच घराण्यातलं औषध आहे आणि महिनोन्‌महिने अंगात राहतं. ज्या गोष्टीने आजार होतो तीच आपण सुईने आत घालतो. कुत्री चुकून लागली म्हणून गर्भ राहू नये यासाठी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देतात, त्यानेही पायोमेट्राचा धोका वाढतो. कमी वयाच्या, तीन-चार वर्षांच्या कुत्रीला पायोमेट्रा झालेला दिसला की मी मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, इंजेक्शन दिलं होतं का? बऱ्याचदा उत्तर ‘हो’ येतं.

तुमच्याकडे आत्ता किती कुत्र्या आहेत? वयं काय?

अमळनेरचा आप्पा · १०:४०

दोन. एक सात वर्षांची, तिला इंजेक्शनं झाली आहेत. दुसरी दीड वर्षाची. वाचून झोप उडाली. सकाळी लिहितो.

खान्देशी माणूस · बुधवार, सकाळी ६:३०

भाऊ, आते कशी शे मैना? वाट देखी ऱ्हायनू.

केळीबाग (रावेर) · ७:१५

बरी शे भाऊ. मंडळी, ऑपरेशन झालं. मैना शुद्धीवर आहे.

रात्री उशिरापर्यंत चाललं. डॉक्टरांनी मला काचेतून बघू दिलं, म्हणून थोडं लिहितो. आधी एक सुई देऊन तिला शांत केलं, मग शिरेतून भूल, मग घशात नळी घालून गॅस. बेंबीपासून खाली मधोमध चीर घेतली. पिशवी बाहेर काढताना दोघांनी दोन्ही हातांखाली धरली होती, कुणी ओढत नव्हतं. फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी दिसत होती, ठिकठिकाणी आवळलेली आणि जांभळट. एरवी म्हणे ही शिंगं करंगळीहूनही बारीक असतात. दोन्ही बाजूंच्या अंडाशयांच्या शिरा दुहेरी बांधल्या, मग खाली तोंडापाशी बांधून कापलं. बाहेर काढल्यावर वजन केलं, दोन किलोच्या वर भरलं. २४ किलोच्या कुत्रीच्या पोटात दोन किलो पू घेऊन ती बागेत रात्री राखण करत होती.

एका जागी पिशवीची भिंत इतकी पातळ झाली होती की आतलं पिवळं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस गेले असते तर इथून फुटली असती. नाना हे ऐकून उठून बाहेर गेले, आणि सकाळी स्वतः तिच्याजवळ जाऊन बसले आहेत.

पांझराकाठ (धुळे) · ७:२२

देवाची कृपा. आणि त्या सालदाराच्या बायकोची. तिला साडी-चोळी करा दादा, तिने वाचवली मैनेला.

केळीबाग (रावेर) · ७:३०

करणारच ताई. आईने आधीच ठरवलंय.

तापीकाठचा पशुवैद्य · ८:००

छान बातमी. आता पहिले दोन दिवस सांभाळायचे. मूत्रपिंड आणि रक्तातलं विष यांचा हिशोब ऑपरेशननंतरही चालू असतो. हिरड्या गुलाबी आहेत का बघा. पांढऱ्या पडल्या, पोट फुगायला लागलं, किंवा चोवीस तासांत लघवीच झाली नाही, तर लगेच कळवा. पाणी जास्त पिणं एकदम थांबणार नाही, हळूहळू कमी होईल.

बागेत लगेच नेऊ नका. या दिवसांत माश्या जखमेवर बसतात आणि आपल्याकडे अळ्या पडायला वेळ लागत नाही. आठ-दहा दिवस घरात, कूलरसमोर, स्वच्छ चादरीवर. गळ्यात कॉलर असू द्या, तिला चिडचिड झाली तरी. टाके चाटून उसवलेली कुत्री पुन्हा भुलीखाली घ्यावी लागते. खाणं थोडं थोडं द्या. दहीभात, उकडलेलं अंडं, उकडलेली कोंबडी बिनमसाल्याची. घरच्या शेवभाजीचा रस्सा नको, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

बेलसवाडी एक्सप्रेस · दुपारी १:१०

माझा प्रश्न वेगळा आहे. मी भुसावळकडचा, जर्मन शेफर्ड पाळतो. मादी चार वर्षांची, रक्त चांगलं आहे, तिच्यापासून अजून एक वेत घ्यायचंय. तिला खालून पू येतोय, पण खाते-पिते, फिरते. पिशवी न काढता औषधाने बरं करता येतं असं वाचलं. खरं आहे का?

तापीकाठचा पशुवैद्य · १:४५

खरं आहे, पण अटी कडक आहेत. तोंड उघडं असायला हवं, कुत्री तरुण आणि ठणठणीत असायला हवी, मूत्रपिंड-यकृत ठीक असायला हवं, आणि मालकाला खरोखर पिल्लं हवी असायला हवीत. अँटिबायोटिकसोबत प्रोजेस्टेरॉनचं काम रोखणारं अॅग्लेप्रिस्टोन, किंवा प्रोस्टाग्लँडिनचे छोटे छोटे डोस देतात. प्रोस्टाग्लँडिनने धाप, लाळ, उलटी, जुलाब होतात, म्हणून ते दवाखान्यात नजरेखाली द्यायचं. गाईच्या डोसाचा अंदाज घेऊन घरी टोचलं तर कुत्री हातची जाईल. मधे मधे सोनोग्राफी करून पिशवी खरंच रिकामी होतेय का ते बघावं लागतं.

आणि बरी झाली तरी अस्तर बिघडलेलंच राहतं, पुढच्या माजांनंतर पुन्हा होण्याची शक्यता चांगलीच असते. म्हणून लगेच पुढच्याच माजाला वेत घ्यायचं आणि पिल्लं मोठी झाली की पिशवी काढायची, असा बेत आधीच ठरवून ठेवतात. पुढे कधीतरी बघू, असं चालत नाही.

तुम्हाला भुसावळहून अकोला सोयीचं. तिथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. रेल्वेने नेणार असाल तर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून या उन्हात आजारी कुत्री नेऊ नका. गाडी करा, पहाटे निघा. पण आज आधी जवळच्या डॉक्टरकडून सोनोग्राफी आणि रक्त तपासून घ्या. “खाते-पिते” हे पायोमेट्रात भरवशाचं नसतं.

बेलसवाडी एक्सप्रेस · १:५०

समजलं. संध्याकाळीच नेतो.

शहाद्याची अन्नपूर्णा · सायं. ५:३०

मी गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते. एका कुत्रीच्या मागून सतत रक्त टपकतंय. माज नाही, कारण माजासारखे कुत्रे मागे नाहीत आणि महिना होऊन गेला. खाते मात्र चांगली. पायोमेट्राच असेल का? तिला कुणी मालक नाही, मीच आहे.

तापीकाठचा पशुवैद्य · ६:१५

ताई, तुम्ही आहात हेच तिचं भाग्य. वर्णनावरून मला दुसरी शंका येते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत मीलनातून पसरणाऱ्या गाठी होतात, फुलकोबीसारख्या फुटणाऱ्या. नरालाही होतात, मादीलाही. थेंब थेंब रक्त, खाणं व्यवस्थित, महिनोन्‌महिने चालू. त्यावर ऑपरेशन सहसा लागत नाही. व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, बहुतेक कुत्री काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. डॉक्टरांना हातमोजा घालून आत तपासायला सांगा, लगेच कळेल. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून ते नीट धरून, डॉक्टरकडूनच.

बरी झाल्यावर नसबंदीसाठी नगरपालिकेकडे अर्ज करा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि ऑपरेशननंतर कुत्रं त्याच जागी परत सोडायचं असतं. मादीची अंडाशयं आणि पिशवी दोन्ही काढली की पायोमेट्राची काळजीही मिटते. अशा कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते, त्यावरून ओळखता येतं.

शहाद्याची अन्नपूर्णा · ६:४०

गाठच असेल, मला शेपटीखाली काहीतरी लाल दिसलं होतं. मी ते पिशवीच बाहेर आली असं समजत होते. उद्या नेते. अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर द्या.

गिरणेचं पाणी · ७:०५

ताई, नमुना लागत नाही. साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. गल्ली, कुत्र्यांची संख्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय येऊ नका.

अमळनेरचा आप्पा · रविवार, सकाळी १०:००

डॉक्टर, मी परवा दोघींनाही दाखवून आणलं. सात वर्षांच्या ढवळीच्या सोनोग्राफीत पू नाही, पण अस्तर जाड आणि त्यात पाण्याचे फोड दिसले. इथले डॉक्टर म्हणाले, अजून आजार नाही, पण पुढचा माज यायच्या आत पिशवी काढून टाकावी. मी हो म्हटलं. इंजेक्शन आता आमच्या वाड्यात येणार नाही. गल्लीतल्या दोन घरीही सांगून आलो.

माझा प्रश्न लहानीचा आहे. तिचा माज याच महिन्याच्या सुरुवातीला झाला, अजून थोडी सूज आहे. लगेच करून टाकू का दोघींचं एकदमच? लोक म्हणतात नसबंदीने कुत्री लठ्ठ होते आणि राखण सोडते.

तापीकाठचा पशुवैद्य · ११:२०

आप्पा, फार चांगलं केलंत.

दोघींचं एकदम नको. माजात आणि माजाच्या लगेच नंतर पिशवीला रक्तपुरवठा जास्त असतो, ऊती नाजूक असतात, रक्तस्राव वाढतो. शिवाय माजानंतरच्या दोन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन चढं असताना अंडाशयं काढली तर ते एकदम पडतं आणि काही कुत्र्यांना खोटी गाभण येते, आचळांत दूध उतरतं. लहानी निरोगी आहे, तिला थांबायला वाव आहे. माज संपून अडीच-तीन महिने झाले की करायचं. मैनेला हा वाव नव्हता, म्हणून तिचं रात्रीच करावं लागलं. ढवळीचं मात्र आता लांबवू नका. तिचा शेवटचा माज कधी होता ते डॉक्टरांना सांगून तारीख घ्या.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि अंगाला लागतं, हे खरं आहे. भाकरी थोडी कमी करायची, फिरणं तेवढंच ठेवायचं, वजन ताब्यात राहतं. राखणीचं म्हणाल तर अनोळखी माणसावर भुंकणं हे कुत्रीच्या स्वभावात आणि सवयीत आहे, पिशवीत नाही. मोठ्या जातींत काही कुत्र्यांना पुढे लघवी गळायचा त्रास होतो, तोही सांगून ठेवतो. तो बहुतेक औषधाने आटोक्यात येतो.

केळीबाग (रावेर) · पुढच्या आठवड्यात, शुक्रवार

टाके काढले. क्रिएटिनिन १.२ वर आलं. पाणी पूर्वीसारखं, एका दिवसात घमेलं संपत नाही. अजून घरीच आहे, बागेत पुढच्या महिन्यात नेऊ. सालदाराच्या बायकोला विचारलं, बाकीच्या कुत्र्यांचं काय? तर तिने शेजारच्या मळ्यातल्या दोन कुत्र्यांची नावं सांगितली. दोघींना माज थांबवायचं इंजेक्शन दिलेलं आहे. त्यांच्या मालकांशी नाना आज बोलणार आहेत. डॉक्टरसाहेब, त्यांना आत्ता कुठलंच लक्षण नाही. तरी सोनोग्राफी करायला सांगू का?

तापीकाठचा पशुवैद्य · त्याच दिवशी, रात्री

हो, सांगा. वय आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते विचारून घ्या. सोनोग्राफीच्या आधी लघवी करू देऊ नका, मूत्राशय भरलेलं असेल तर पिशवी नीट दिसते. पहाटेच्या गारव्यात न्या.

अमळनेरचा आप्पा · रात्री ९:४०

ढवळीला सोमवारची तारीख मिळाली. लहानीची ऑगस्टमध्ये. माजाच्या तारखा आता कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत, गाई-म्हशींच्या शेजारीच.